नऊ पावलं आतला खडक

आमच्या माळावर सोनं आहे, ही बातमी माझ्या थोरल्या भावाला मोबाईलवर कळली. दादा जेवताना व्हिडिओ बघतो. आधी कांद्याचे भाव, मग कुस्ती, मग कुणाचं तरी भाषण. त्या दिवशी कुस्तीनंतर कुठल्या तरी परदेशातला एक दाढीवाला गडी आला. त्याच्या हातात काठी, काठीच्या टोकाला ताटाएवढी थाळी, आणि ती थाळी तो उघड्या खडकावरून फिरवत होता. मशीन वाजलं, गड्यानं खडकाची फट पहारीनं उचकटली आणि आतून हरभऱ्याएवढं सोनं काढून दाखवलं. दादाचा घास हातातच राहिला.

"बघितलंस का?" तो मला म्हणाला. "सोनं मातीत नसतंय. खडकाच्या फटीत बसतंय. त्या लोकांना आधी समदी माती काढावी लागती, मग कुठं खडक लागतोय. आपल्याकडं माती हायच कुठं? आपलं निम्मं काम देवानंच करून ठिवलंय."

पारनेर तालुक्यातल्या आमच्या माळाबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. चार बोटं माती, खाली हातभर मुरूम, आणि मुरमाखाली काळा पाषाण, तो पार पाताळापर्यंत. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर मटकी, आणि मटकीही नाही झाली तर नशिबाच्या गप्पा. या जमिनीवरून आमच्या घराण्यात दोन पिढ्या भांडणं झाली. सोनं असल्याची कुणालाच कल्पना नसताना लोक इतकं भांडले, तेव्हा दादाच्या म्हणण्यात तथ्य असेल असं क्षणभर मलाही वाटून गेलं.

मशीन घ्यायचं ठरलं आणि चालवायचं कुणी, तर मी. कारण मी तज्ज्ञ. माझी सगळी नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत एका खाऊच्या कारखान्यात गेली. तिथं पट्ट्यावरून फरसाणाची पाकिटं येत आणि एका चौकटीतून पुढं जात. एखाद्या पाकिटात खिळा, तार, स्क्रू असं काही असलं की लाल दिवा लागे आणि पट्टा थांबे. मी ते पाकीट उचलून बाजूच्या डब्यात टाकायचो आणि बटण दाबून पट्टा पुन्हा चालू करायचो. आयुष्यभर मी हेच केलं. पण गावात सांगताना मी "मेटल डिटेक्शन बघतो" असं सांगत असे, आणि सांगितलेलं कधी तरी अंगाशी येतंच. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा दादानं माझ्या वाट्याचा तुकडा माझ्या हवाली केला. बांधाच्या कडेचा. मी त्यात ठिबक टाकून डाळिंब लावलं आणि शेतकरी झालो.

हा बांध म्हणजे आमच्या आणि चुलतीच्या शेतामधला बांध. त्याची हकीकत इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथंच येऊन थांबतं.

वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा मी शाळेत होतो. वाटणीच्या दिवशी बांधाच्या टोकाला दगड रोवला. आमच्याकडची पद्धत अशी की नुसता दगड रोवायचा नाही. खाली खड्डा घेऊन कोळसा, फुटकं खापर आणि काही तरी लोखंड पुरायचं. दगड कुणीही सरकवील, पण जमिनीच्या पोटातलं कोण सरकवणार, असा त्यामागचा हिशेब. आपल्या भावांवर असा नेमका विश्वास ठेवणारी माणसं जगात दुसरी नसतील. आमच्या घरी त्या दिवशी बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, मधोमध तोडली. अर्धी वरच्या टोकाच्या दगडाखाली पुरली, अर्धी खालच्या टोकाला ओढ्याजवळ. ओढ्याकडची पुढं एका पुरात दगडासकट वाहून गेली. उरली ती वरची.

चुलते लवकर गेले. त्यांना एकच मुलगी, ती पुणतांब्याला दिलेली. चुलती एकटीनं शेत करत राहिली. चुलत्यांचं वर्षश्राद्ध झालं त्या साली ती पेरणीला आली, तर बांधाचा दगड तिच्या शेतात नऊ पावलं आत येऊन बसला होता, आणि रस्त्याकडं जाणारी तिची गाडीवाट आमच्या नांगराखाली गेली होती. दगड वडिलांनी सरकवला असं तिनं चारचौघांत सांगितलं. वडील म्हणाले, दगड पहिल्यापासून तिथंच आहे. जुन्या जागी खणून धाव बघा, असं ती म्हणाली, तर त्यांनी आमच्या शेतात कुणाला कुदळ लावू दिली नाही. मोजणीला एक साहेब आले होते. त्यांनी दगडापासून मोजलं, आमच्याकडं जेवले आणि गेले. गावानं ठरवलं की नवरा गेल्यानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

तेव्हापासून दरवर्षी पेरणीच्या आधी चुलती आमच्या दारात येऊन उभी राहते आणि ट्रॅक्टर न्यायला वाट मागते. दादा दरवर्षी देतो. पण लगेच देत नाही. आधी आभाळाकडं बघतो, मग "बघू, आमची पेरनी हुंद्या" म्हणतो, मग तिला दोन दिवसांनी पुन्हा यायला लावतो. आणि पीक निघालं की ती वाट दिल्याचा वानवळा म्हणून मटकीची नाही तर हुलग्याची पाटी आमच्या ओट्यावर आणून ठेवते. त्या मटकीची उसळ मी खूप खाल्ली आहे. चांगली असते. बांधाच्या भांडणानंतर आम्ही तिला "तू"ची "तुमी" केली. आमच्याकडं राग आला की मान वाढतो.

तर मशीन आलं. खोक्यातून काठी निघाली, थाळी निघाली, कानाला लावायचे भोंगे निघाले आणि एक पुस्तक निघालं. पुस्तक दादानं खोक्यात परत ठेवलं, कारण व्हिडिओतला गडी काही वाचत नव्हता. बॅटऱ्या घातल्या, नारळ फोडला आणि आम्ही माळावर गेलो. मी थाळी जमिनीला लावली आणि मशीननं गळा काढला.

पाऊल पुढं टाकलं, गळा तसाच. वीस पावलं चाललो, तसाच. कुठं मोठा, कुठं बारीक, पण थांबायचं नाव नाही. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. व्हिडिओतल्या गड्याला दिवसभर फिरून एकदा आवाज मिळायचा. आमच्याकडं आवाज थांबेल अशी जागा सापडेना.

"समदा माळ?" दादानं हळूच विचारलं. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हेही बघितलं.

"दादा, हा काळा खडक हाय. ह्याच्यात लोखंड मुरलेलं असतंय. मशीन त्या लोखंडाला वरडतंय."

"म्हंजी लोखंडाची खान हाय?"

"खान न्हाई. खडकातच असतंय तेवढं. समद्या जिल्ह्यात असाच खडक हाय."

"मग समद्या जिल्ह्यात सोनं असंल," दादा म्हणाला. "कुनी बघितलं न्हाई, म्हनून कुनाला ठावं न्हाई."

या माणसाशी वाद घालण्यात मी निम्मं आयुष्य घालवलं आहे आणि एकदाही जिंकलो नाही. तो माझ्यापेक्षा शहाणा आहे असं नाही. फक्त तो ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाणाड्याला बोलावलं. पाणाड्या म्हणजे विहिरीला पाणी कुठं लागेल ते सांगणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चालतो, आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी. आमच्या पंचक्रोशीत त्यानं दाखवलेल्या जागी खणलेल्या कोरड्या विहिरी मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही, पण त्याचा मान जात नाही. पाणी लागलं तर नारळाचं यश, नाही लागलं तर मालकानं मनात शंका धरली होती. मशीन बघून तो आधी जरा बिचकला. मग त्यानं थाळीला हळदकुंकू वाहिलं, कानाला भोंगे लावले, डोळे मिटले आणि म्हणाला, "आवाज हाय. पर आंधळा हाय. त्याला वाट दाखवाया लागंल."

मग तो पुढं नारळ घेऊन चालायचा आणि मी मागून थाळी घेऊन, असं ठरलं. आणि चमत्कार असा की तो जिथून जाई तिथं मशीन नुसतं गळा काढत नसे, टण्कन किंचाळे. तो थांबला की किंचाळी थांबे. तो वळला की ती वळे. दादानं पांढऱ्या फक्कीनं खुणा करायला घेतल्या. दोन दिवसांत माळावर फक्कीची एक नागमोडी रेघ झाली. ही सोन्याची शीर, असं दादानं घरी सांगितलं. वहिनीनं नवस बोलला.

तिसऱ्या दिवशी पाणाड्या चिंचेखाली वहाणा काढून बसला आणि मी सहज त्या वहाणांवरून थाळी फिरवली, तर तीच किंचाळी. चामड्याच्या वहाणा, आणि टाचेला चांगले रुपयाएवढे लोखंडी नाल मारलेले. सोन्याची शीर दोन दिवस पाणाड्याच्या पायात चालत होती.

मी हसून जमिनीवर बसलो. दादा हसला नाही. पाणाड्या तर मुळीच हसला नाही. "वहाना काढून चाललो असतो," तो गंभीरपणे म्हणाला, "तर काटं मोडलं असतं."

चुलती याच दिवसांत येऊ लागली. बांधापलीकडच्या बाभळीखाली बसून ती शेळ्या राखायची आणि आमचा तमाशा बघायची. एकदा मी पाणी प्यायला बांधावर आलो तेव्हा तिनं विचारलं, "ह्ये मशीन जुनं लोखंड दाखवतंय का रं? मातीतलं?"

मी म्हणालो, दाखवतं.

"मला सोनं नको," ती म्हणाली. "माझी धाव शोधून दे. अर्धीच हाय."

मी हसण्यावारी नेलं. पण तिनं ते सोडलं नाही. रोज एकदा विचारी. विचारताना आवाज चढवत नसे, शिव्या देत नसे. आम्ही इतकी वर्षं तिला खुळी म्हणत होतो आणि ती रोज तेच वाक्य त्याच आवाजात बोलत होती. खुळ्या माणसाला हे जमत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण कळलं म्हणून लगेच काही करायचं असतं असं आमच्यात नाही.

इकडं दादानं खड्डे घ्यायला सुरुवात केली. आवाज सगळीकडंच होता, तेव्हा जागा निवडायची सोय होती. त्यानं सावलीच्या जागा निवडल्या. पहिल्या खड्ड्यात खडक लागला. दुसऱ्या खड्ड्यातही खडक लागला. तिसऱ्यात भाड्यानं ब्रेकर आणून तो खडक फोडला, तर खाली खडक होता. मधूनमधून बक्षिसं मिळाली, नाही असं नाही: औषधाच्या डब्याचं झाकण, नांगराच्या फाळाचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट, आणि वहिनीचा काही वर्षांपूर्वी हरवलेला विळा. विळा सापडल्यावर वहिनीनं नवस फेडून टाकला. तिच्या लेखी मोहीम तिथं संपली.

शेवटी फोडलेल्या खडकाचं एक पोतं भरून दादा पारनेरला सराफाकडं घेऊन गेला. मीही बरोबर गेलो. सराफानं पोतं उघडलं, एक काळा दगड उचलला, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितला आणि आदरानं टेबलावर ठेवला. आम्हाला चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "पाटावरवंट्याला उत्तम आहे." पोतं मात्र दादानं परत आणलं. अजून गोठ्यात आहे.

त्यानंतर मशीन माझ्याकडं आलं, आणि मी ते पुस्तक खोक्यातून काढून वाचलं. इंग्रजीत होतं, आणि इंग्रजी कुठल्या तरी चिन्यानं लिहिलेलं होतं, पण चित्रं होती. त्यातून कळलं की मशीनला आधी त्या जमिनीची सवय करावी लागते. थाळी एकाच जागी वर-खाली, वर-खाली करायची आणि एक खुंटी हळूहळू फिरवायची. असं करत करत मशीनचा गळा उतरतो. खडकाच्या कुरकुरीकडं दुर्लक्ष करायला ते शिकतं. ज्या घरात सासू-सुनांना हे जमत नाही, त्या घरात मशीनला जमलं याचं मला फार कौतुक वाटलं.

मग मी नादाला लागलो. रोज सकाळी डाळिंबाला पाणी सोडायचं आणि भोंगे कानाला लावून माळावर बसायचं. हळूहळू फरक कानात बसला. खडकाचा आवाज पसरट असतो. कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते नक्की सांगता येत नाही. डावीकडून थाळी नेली तर एका जागी येतो, उजवीकडून नेली तर दुसऱ्या. थाळी चार बोटं वर उचलली की विरून जातो. धातूचा आवाज आखूड. दोन्हीकडून त्याच जागी. आडवी थाळी नेली तरी त्याच जागी. वर उचलली तर बारीक होतो, पण जागा सोडत नाही. मी मुद्दाम मुरमात खिळे पुरले, विळ्याचा तुकडा पुरला आणि डोळे मिटून शोधले. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट खरोखर येऊ लागली होती. कारखान्यात दिवा लागायचा आणि मी बटण दाबायचो. इथं दिवा नव्हता. इथं मी सांगेन तेच.

आणि लोकांनाही ते पटलं. दादा एकदा मुद्दाम परीक्षा घ्यायला आला. आवाज आला, मी म्हणालो, "खडक." त्यानं खणलं, खडक. पुढं गेलो, मी म्हणालो, "धातू." खणलं, तर घोड्याचा नाल. असं पाच-सहा वेळा झालं. त्या दिवसापासून दादा बाजारात सांगू लागला, "मशीन कायबी वरडू द्या. माझा भाऊ सांगंल त्यो खडक आनि भाऊ सांगंल त्यो धातू." जो माणूस माझं कधीच ऐकत नव्हता तो आता मी बोलेन ते ऐकत होता. मला फार गोड वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी चुलती बाभळीखालून उठून थेट दादाकडं गेली. मी आणि पाणाड्या तिथंच होतो. पाणाड्या आता वहाणा काढून येत असे. ती म्हणाली, "समद्यांचं बघून झालं. आता माझी तेवढी जागा बघा. एकदाच."

दादानं आभाळाकडं बघितलं. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली. "बघू की," तो म्हणाला. "पर एक हाय, काकी. धाव सापडली तर दगड तिथं परत न्यायचा, मी सोता नेतो. आनि खडक निघाला, तर पुन्यांदा तोंडातनं बांधाचं नाव काढायचं न्हाई. मामा साक्षीला हायेत."

मामा म्हणजे पाणाड्या. त्यानं मान डोलावली.

"न्हाई काढनार," चुलती म्हणाली. "आनि सांगायचं कुनी?"

"ह्यो सांगंल," दादानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो दोन्हीकडनं खोटं बोलायचा न्हाई. नोकरीतला मानूस हाय."

चुलती बांधाच्या दगडाशेजारच्या लिंबाच्या झाडापाशी गेली. झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि तिथून आमच्या शेतात चालायला लागली. पावलं मोजताना तिचे ओठ हलत होते. ती माझ्या डाळिंबाच्या शेवटच्या ओळीत शिरली आणि दोन झाडांच्या मध्ये थांबली. तिनं टाचेनं मातीत खूण केली. मग बाजूला सरकली आणि पदर सावरून उभी राहिली.

मी मशीनला जमिनीची सवय केली. वर-खाली, वर-खाली. गळा उतरला. मग मी थाळी तिच्या खुणेवरून डावीकडून नेली.

आवाज आखूड आला. उजवीकडून नेली. त्याच जागी. आडवी नेली. त्याच जागी. थाळी वीतभर वर उचलली. आवाज बारीक झाला आणि तिथंच राहिला. बाजूला चार बोटांवर पुन्हा तसाच, आणि त्याच्या पुढं पुन्हा. वाकड्या पट्टीसारखा, दोन-तीन हात लांब. डोळे मिटले असते तरी मी तिचा आकार जमिनीवर काढून दाखवला असता. नऊ पावलं आत, अगदी जिथं ती इतकी वर्षं म्हणत होती तिथं.

आवाज भोंग्यातून बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. पण सगळ्यांना मीच शिकवलं होतं की आवाजाला काही अर्थ नसतो. मशीन खडकावरही ओरडतं. तिघंही आवाजाकडं लक्ष न देता माझ्या तोंडाकडं बघत होते.

मला वडील आठवले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि पंचायतीत अजून त्यांचं नाव घेतात. मेलेल्या माणसाला या वयात चोर कसं ठरवायचं, असं माझ्या मनात आलं. निदान मी स्वतःला आजवर असंच सांगत आलो आहे. खरं सांगायचं तर त्याच्याही आधी एक गोष्ट मनात आली होती. डाळिंबाची ती ओळ. तिला त्याच साली पहिला बहर धरला होता.

मी भोंगे काढून गळ्यात अडकवले. मान वर केली, चुलतीकडं बघितलं आणि म्हणालो, "खडक हाय, काकी."

कुणी खणून बघू म्हणालं नाही. पाणाड्यानं सुस्कारा टाकला. दादा म्हणाला, "झालं समाधान?" चुलतीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं." शेळ्या हाकत ती ओढ्याच्या अंगानं लांबच्या वाटेनं घरी गेली. आमच्या शेतातून जाणारी जवळची वाट होती, पण त्या दिवशी तिनं ती मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले असताना मी खुरपं घेऊन तिथं गेलो. मला आशा होती. मशीन चुकतं, माणूस चुकतो. पत्र्याचा डबा असेल, ठिबकची तार असेल. मुरूम हातानं उकरला. आधी कोळसा निघाला, काळा कुळकुळीत, काल विझवल्यासारखा. मग खापराचे तुकडे. मग ती. गंजून जाड झालेली, वाकडी, टोकाला छिन्नीनं तोडल्याची खूण. खाली उघडा खडक होता. खडकाला टेकून ती इतकी वर्षं पडून होती आणि जिथं ठेवली तिथून तसूभर हलली नव्हती. आमच्या घराण्यात इतकं सरळ वागलेली ती एकटीच.

मी ती तशीच झाकली. वर माती ओढली, पायानं दाबली. आणि दोन झाडांमधलं अंतर जास्तच वाटत होतं म्हणून तिथं आणखी एक डाळिंबाचं रोप लावलं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. लावताना वाटली नव्हती. लावताना मी ठिबकची नळी तिथपर्यंत पुरेल का ते बघत होतो.

सोन्याचा नाद नंतर सुटला. मशीन माळ्यावर गेलं. दादा आता शेततळ्यातल्या मोत्यांच्या शेतीचे व्हिडिओ बघतो. चुलतीनं आपला शब्द पाळला. बांधाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. गावात आता तिला कुणी खुळी म्हणत नाही. मशीननं निकाल दिला आणि बाईनं मानला, शहाणी आहे, असं म्हणतात.

यंदा पेरणीच्या आधी ती वाट मागायला आली. कडेचा तुकडा माझा, म्हणून या खेपेला दादाऐवजी मला विचारायला. हातात पाटी होती, पाटीत गेल्या सालची मटकी. मी ओशाळून म्हणालो, "इचारायचं काय त्यात, काकी? आनि ही मटकी कशाला?"

"वाटंचा वानवळा हाय," ती म्हणाली. "द्याया लागतोय."

तिनं पाटी ओट्यावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन जरा दम खाल्ला. आत भिंतीवर वडिलांचा फोटो दिसत होता. ती फोटोकडं बघत बोलली, भांडायला नाही, एखादी जुनी आठवण सांगावी तशी.

"दगड हलवला का म्हनून मी तुझ्या बापाला इचारलं हुतं. ह्याच ओट्यावर. न्हाई म्हनला. पर म्हनताना खाली बघत हुता. मरस्तोवर त्यानं माझ्याकडं वर तोंड करून बघितलं न्हाई." मग ती माझ्याकडं वळली. "तू चांगलं डोळ्याला डोळा लावून सांगितलंस, बाबा. शिकलेला हायेस."

मी खाली, मटकीच्या पाटीकडं बघत होतो.

"मग सांजच्याला ट्रॅक्टर आनू का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "आना."